अर्ध्या मिलिमीटरची फट

माझा स्वभाव तापट आहे, हे मी आधीच कबूल करून टाकतो, म्हणजे नंतर कुणी बोट दाखवायला नको. वर्कशॉपमध्ये मला सगळे मिस्त्री म्हणतात आणि माझ्या लेथपासून चार हात लांब उभे राहतात. सत्तावीस वर्षं मी एकाच लेथवर काढली. लोखंडाचा गज चकच्या जबड्यांत घट्ट धरायचा, फिरवायचा, आणि टूलने सोलत सोलत त्याचा शाफ्ट करायचा, पुली करायची, नाहीतर बुश. सगळं मापात. दोन भाग एकमेकांत बसवायचे तर त्यांच्यात फट किती कमी ठेवता येते, त्यावर टर्नरची लायकी ठरते. माझी फट बघायला लोक दुसऱ्या वर्कशॉपमधून यायचे. यात बढाई वाटली तर वाटू दे, आता तेवढंच उरलंय.

भानगड हातांपासून सुरू झाली. लोखंड कापताना टूलच्या टोकावर तेलाची धार सोडावी लागते, नाहीतर टूल जळतं. ते तेल दिवसभर मनगटापर्यंत येतं. पंचवीस वर्षं मला काही झालं नाही. मग एका वर्षी बोटांच्या बेचक्यांत खाज सुटली. मी खाजवलं आणि विसरलो. मग कातडी लाल झाली, सोलली, भेगा पडल्या आणि त्यातून पाणी गळायला लागलं. बायको महिनाभर मागे लागली होती की डॉक्टरला दाखवा. मी म्हणालो, खाजेसाठी डॉक्टरकडे गेलो तर तो हसेल. तो काही हसला नाही. त्याने भिंग घेऊन दोन्ही हात उलटसुलट पाहिले आणि सांगितलं की या तेलाचं आणि तुमच्या कातडीचं आता कायमचं वाकडं आलंय. एक तर तेल सोडा, नाहीतर काम सोडा.

मी विचारलं, मधला काही मार्ग? तो म्हणाला, हातमोजे घाला. मी त्याला समजावलं की फिरत्या लेथवर मोजे घालायचे नसतात, धागा अडकला की मोज्याबरोबर हातही आत जातो. तो म्हणाला, मग प्रश्नच मिटला. चप्पल बदला म्हणावं इतक्या सहज बोलला हो. मलमाची चिठ्ठी लिहिली आणि पुढच्या पेशंटला हाक मारली.

मी काम सोडलं नाही. सोडून करणार काय होतो? मला दुसरं काही येत नाही आणि येत असतं तरी करावंसं वाटलं नसतं. लेथ सोडला की मी म्हणजे एक चिडका म्हातारा, बस. एवढं मला कळत होतं आणि त्याची भीती वाटत होती. संध्याकाळी घरी आलो की बायको कोमट पाण्याची परात पुढे ठेवायची, मी हात बुडवून बसायचो. कामावर मायक्रोमीटरने बारीक मापं घेताना बोटं आखडायची. एकदा जेवताना हातातला पेला सुटला आणि सगळे माझ्या हातांकडे बघायला लागले.

'सगळे' म्हणजे मी, बायको आणि माझी धाकटी बहीण. ती आमच्याकडेच राहते, वरच्या खोलीत. लहानपणी आकाराने एवढीशी आणि बोलायला झणझणीत, म्हणून तिला मिरी म्हणायला लागलो ते आजतागायत. आईबाबा लवकर गेले, तिचं शिक्षण मी केलं, आणि ती रसायनशास्त्र शिकली, म्हणजे घरात डोकं एकच आहे आणि ते तिच्या खांद्यावर आहे. खाद्यतेल शुद्ध करण्याच्या कारखान्यात ती प्रयोगशाळेत होती. त्या दिवशी पेला तिनेच उचलला, फरशी पुसली, आणि वर गेली. आठवडाभराने तिने मला विचारलं की तुझ्या लेथच्या टाकीत तेल मावतं किती.

तिच्या डोक्यात काय होतं ते तिने मला तीनदा सांगितलं, तेव्हा कुठे माझ्या टाळक्यात शिरलं. तिच्या कारखान्यात कच्चं तेल धुताना एक काळा चिकट गाळ निघतो. साबणवाले तो फुकटच्या भावात नेतात. पलीकडे मद्यार्काचा कारखाना आहे, तिथे सगळ्यात शेवटी एक उग्र वासाचं द्रव उरतं, ते कुणालाच नको असतं. गाळातलं आम्ल काढून त्याला हे द्रव जोडलं, तर त्याचं वंगण होतं, पातळ, सोनेरी, आणि कातडीला न झोंबणारं. पण ही जोडणी आपोआप होत नाही. ती एन्झाइम करतं. मी विचारलं हे कोण बुवा. मिरी म्हणाली, तुझ्यासारखाच फिटर समज, दोन भाग आणतो, सांधतो, बाजूला करतो आणि पुढचे दोन घेतो, स्वतः झिजत नाही. फक्त लाडावलेला आहे. साठ अंशांवर सुखाने काम करतो, सत्तरच्या वर गेलं की मरतो.

या फिटरची दोन किलोची बरणी तिला तिच्या जुन्या प्राध्यापिकाबाईंनी दिली होती. परदेशातल्या कुठल्या तरी कंपनीने त्यांना नमुना म्हणून पाठवलेली. आत खसखशीएवढे पांढरट दाणे, आणि एन्झाइम त्या दाण्यांना आतबाहेर चिकटवलेलं. पुन्हा मागितली तर मिळणार नाही, हे बाईंनी बजावून सांगितलं होतं, आणि विकत घ्यायची तर आमच्यासारख्यांनी नुसता भाव ऐकूनच परत फिरावं. पण दाणे पुन्हा पुन्हा वापरता येतात. तेल झालं की जाळीतून गाळायचं, दाणे जाळीवर राहतात, ते पुढच्या खेपेला. मिरीने कारखान्याच्या मॅनेजरच्या डोक्याशी भुणभुण लावून एक रिकामी शेड आणि चाळीस लिटरचं स्टीलचं भांडं मिळवलं. त्याची अट एकच. त्याच दाण्यांवर चाळीस खेपा चांगल्या निघाल्या तर तो वरच्या लोकांकडे मोठ्या प्लांटचं बोलेल. नाहीतर शेडमध्ये पोती ठेवायची आहेत.

पहिला डबा तिने स्वतः उचलून वर्कशॉपात आणला. मी नाक मुरडलं. खायचं तेल लेथमध्ये घातलं की आठवड्यात त्याची खळ होते आणि टूल सरकवणाऱ्या स्लाइड जाम होतात, हे मी पूर्वी करून बसलो होतो. मिरी म्हणाली, हे खायचं तेल नाही, आता ते वंगण आहे, घाल मुकाट्याने. मालकाने खांदे उडवले. काम बिघडलं नाही तर तुझ्या लेथमध्ये काय हवं ते ओत म्हणाला. मी जुनं तेल काढलं, टाकी तीनदा पुसली आणि तिचं ओतलं.

काम बिघडलं तर नाहीच, उलट शाफ्टवर अशी झळाळी आली की मालक बोट फिरवून बघायला लागला. पण मी शाफ्ट बघत नव्हतो. मी हात बघत होतो. दुसऱ्या आठवड्यात पाणी गळायचं थांबलं. चौथ्या आठवड्यात भेगा मिटल्या. सहाव्या आठवड्यात एके सकाळी मी शर्टाची बटणं लावली आणि लावून झाल्यावर लक्षात आलं की दुखलं नाही. मी बायकोला हाक मारली आणि सगळी बटणं काढून तिच्यासमोर परत लावून दाखवली. ती म्हणाली, अहो, उशीर होतोय. आणि पदर डोळ्यांना लावला. त्या दिवशी मी वर्कशॉपात कुणावरच ओरडलो नाही, तर दोघातिघांनी विचारलं, मिस्त्री, तब्येत बरी आहे ना?

इथेच थांबायला हवं होतं. माणसाला बरं वाटलं की त्याला उपकार फेडायची खाज सुटते, आणि ती दुसरी खाज पहिलीपेक्षा वाईट.

मिरी जेवताना कुरकुर करायची की एक खेप व्हायला वीस तास लागतात. जोडणी होताना पाण्याचे थेंब सुटतात, ते पंपाने ओढून एका काचेच्या नळीत जमा होतात, आणि थेंब थांबले की खेप झाली. ते थेंबच लवकर थांबत नाहीत. मॅनेजर घड्याळाकडे बघून जातो. मी एका संध्याकाळी वर्कशॉपातून परस्पर तिच्या शेडमध्ये गेलो आणि भांड्यात वाकून बघितलं. आत ढवळायला जे लावलं होतं ते बघून माझं डोकंच फिरलं. एका वाकड्या गजाला दोन पत्र्याचे तुकडे वेल्ड केलेले. फिरताना लटपटत होतं आणि भांड्याच्या भिंतीपासून दोन बोटं लांब. सगळे दाणे खाली कोपऱ्यात बसून राहिलेले, तिकडे ते पातं पोचतच नव्हतं. मी म्हणालो, तुझे फिटर कोपऱ्यात विड्या फुंकत बसलेत आणि तू त्यांच्याकडून कामाची अपेक्षा करतेस. ती हसली. म्हणाली, चालतंय ना दादा, राहू दे. पण माझ्या डोळ्यांना असलं काही दिसलं की मला झोप येत नाही. मी खिशातून कॅलिपर काढलं आणि भांड्याची मापं घेऊन आलो.

तीन रविवार घालवले मी त्या ढवळणीवर. अख्ख्या स्टीलमधून काढली, वेल्डिंगचा एक ठिपका नाही. तळाच्या गोलाईला तिचा खालचा भाग असा मिळवला की तिथे कागद धरला तर सरकेल, पण पुठ्ठा नाही. भिंतीपासून सगळीकडे अर्धा मिलिमीटर. एवढ्या फटीत दाणा बसूनच राहू शकत नाही, म्हणजे एकही फिटर कोपऱ्यात आराम करणार नाही, असा माझा हिशोब. पॉलिश करून आरशासारखी केली, आडव्या पट्ट्यांवर ठेवून तोल बघितला, कुठल्याही बाजूला झुकत नव्हती. हात बरे झाल्यावर केलेलं माझं पहिलं मनापासूनचं काम होतं ते, आणि आयुष्यात केलेल्या कामांत सगळ्यात सरस. कापडात गुंडाळून नेली. मिरीने कापड सोडलं आणि कडेवरून बोट फिरवलं. मग म्हणाली, दादा, ही भांड्यात कशाला घालायची, शोकेसमध्ये ठेवू.

घातली भांड्यात. अकरा खेपा त्या वाकड्या गजावर झाल्या होत्या, बारावी माझ्या ढवळणीवर. वीस तासांची खेप नऊ तासांत झाली. नऊ! मॅनेजर स्वतः शेडमध्ये आला आणि मला म्हणाला की मिस्त्री, तुम्हाला आमच्याकडेच घेतलं पाहिजे. मी वर्कशॉपात जाऊन सगळ्यांना सांगितलं. ज्यांना ऐकायचं नव्हतं त्यांनाही सांगितलं. मग रोज संध्याकाळी घरी जाताना माझी वाट शेडवरून जायला लागली. दारात उभा राहायचो, मग झाकणातल्या काचेतून ढवळणी फिरताना बघायचो, जराही आवाज नाही, आणि मग मिरीला बरोबर घेऊन घरी.

तेराव्या खेपेला पंधरा तास लागले. चौदावीला तीस. पंधरावी झालीच नाही. दोन दिवस भांडं फिरत राहिलं, काचेच्या नळीत थेंबच येईना. मिरीने नमुना तपासला. तेलात न जोडलेलं आम्ल किती उरलं याचा एक आकडा असतो, तो एकच्या खाली यायला हवा. तो सत्तरवर अडकला होता. तिने घरी येऊन सांगितलं की दाणे म्हातारे झाले, होतं असं कधीकधी, माल जुना असेल. तिचा आवाज सपाट होता. मी त्या परदेशी कंपनीला तोंडाला येईल ते बोललो. पंधरा दिवस बोलत होतो, उठता बसता. नमुना म्हणून सडका माल खपवतात, यांच्या यांव आणि त्यांव. मिरी खाली मान घालून जेवत राहायची. मला वाटायचं, बिचारीचं मन मोडलंय.

मॅनेजरने शेड परत घेतली. मिरी पुन्हा प्रयोगशाळेत बाटल्या हलवायला लागली. प्राध्यापिकाबाईंना तिने तीन पत्रं लिहिली. त्यांचं एक उत्तर आलं, चांगलं होतं, पण बरणी नव्हती त्यात.

बाकीचं तेल कारखान्याने ठेवून घेतलं होतं, घरात तिच्या तेलाचे दोनच डबे शिल्लक होते. लेथच्या टाकीत रोज थोडं कमी होतं. कापलेल्या लोखंडाच्या सालीबरोबर जातं, उडतं, घडवलेल्या भागाला लागून जातं. मी साली कापडात बांधून पिळायला लागलो. लोक बघायचे, बघू देत. टाकीच्या काचेवर मी खडूने रेघ मारली होती, दर शनिवारी खाली नवी रेघ. मिरीने तोवर दुसरा उपाय धरला. एन्झाइम नाही तर तेजाब टाकून खूप तापवलं तरी जोडणी होते म्हणाली, जुनी पद्धत आहे. प्रयोगशाळेच्या कोपऱ्यात लपूनछपून एक डबा केला. काळंकुट्ट तेल निघालं, जळक्या वासाचं. ती म्हणाली, पाच वेळा धुतलंय, घालून बघ. घातलं. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत माझ्या हातांची सालं निघाली. मी तिला सांगितलं की थोडंसं झोंबतं, बाकी ठीक. तिने माझे हात ओढून पुढे घेतले, पाहिले, आणि तो डबा मोरीत ओतून टाकला. त्यानंतर तिने काही करून बघितलं नाही.

मग एक दिवस तिचा निरोप आला की कारखान्याला ते भांडं परत हवंय, तुझी ढवळणी तेवढी काढून घेऊन जा. मी पाना घेऊन गेलो. मिरी तिथे नव्हती, मुद्दाम नव्हती हे मला नंतर कळलं. मी झाकण उघडलं, नट सोडले आणि ढवळणी वर ओढली. भांड्याच्या भिंतीवर, तळापासून वीतभर उंचीपर्यंत, चकचकीत घासलेला पट्टा होता. असला पट्टा मी हजार वेळा पाहिलाय. दोन भागांमध्ये काहीतरी सापडून दळलं गेलं की पडतो तो. मी हात घालून तळाशी बोट फिरवलं. राखाडी चिकट लगदा लागला. अंगठ्यावर चोळला. एकही दाणा नाही, पीठ. मैद्यासारखं पीठ.

मी ढवळणी खाली ठेवली. तिथेच एका पोत्यावर बसलो. दाणा अर्ध्या मिलिमीटरपेक्षा मोठा होता. बसून राहू शकत नव्हता, तसा निसटूनही जाऊ शकत नव्हता. एवढी साधी गोष्ट सत्तावीस वर्षं मापं घेणाऱ्या माणसाला दिसली नाही, कारण फट कमी ठेवायची म्हणजे चांगलं, यापलीकडे मी विचारच केला नव्हता. माझी ढवळणी फिटरांना कामाला लावत नव्हती, त्यांना जात्यात घालत होती. आणि ढवळणीवरची पहिली खेप नऊ तासांत का झाली तेही कळलं. दाणा फुटला की त्याच्या आतलंही एन्झाइम बाहेर येऊन कामाला लागतं, एकदाच. मग ते पीठ जाळीतून तेलाबरोबर निघून जातं. त्या तेलाचे डबे मी लेथमध्ये ओतले होते. जरा गढूळ वाटले होते, पण मी मनावर घेतलं नव्हतं.

घरी येऊन मी कुणालाही काही सांगितलं नाही. सांगायला तोंड नव्हतं.  मिरीला माहीत नाही, दाणे म्हातारे झाले असंच तिला वाटतंय, अशी मी स्वतःची समजूत घातली. एका घरात, एका ताटाशेजारी दुसरं ताट, आणि मी चोरासारखा जेवत होतो. परदेशी कंपनीला शिव्या द्यायचं मात्र बंद केलं. बायकोला त्याचंही नवल वाटलं.

खडूची शेवटची रेघ पंपाच्या तोंडाशी आली आणि धार तुटायला लागली. मी टाकीत जुनं तेल भरलं. तिसऱ्या दिवशी खाज, दहाव्या दिवशी पाणी. पुढच्या महिन्यात मी एका मोठ्या शाफ्टचं माप चुकवलं. मायक्रोमीटर धरताना बोटाची भेग उघडली, हात सरकला, आणि मी वाचायचं ते चुकीचं वाचलं. मालक चांगला माणूस आहे. त्याने आवाज चढवला नाही, चढवला असता तर बरं झालं असतं. म्हणाला, मिस्त्री, स्टोअर सांभाळा. टूलं द्यायची, घ्यायची, वहीत लिहायचं. बसून काम आहे. मी लेथवरचं फडकं घडी करून ठेवलं आणि बाहेर आलो. तिथे रडलो असतो तर सगळ्यांनी पाहिलं असतं, म्हणून हात धुवायला गेलो आणि नळाखाली हात धरून उभा राहिलो. पाणीही झोंबत होतं.

त्या संध्याकाळी मिरी कामावरून आली तेव्हा मी पुढच्या खोलीत खुर्चीवर बसलो होतो. बायकोने तिला दारातच सांगितलं असणार. ती पर्स हातात घेऊनच माझ्यासमोर येऊन बसली. मला वाटलं, आता सांगून टाकावं. आता लपवून वाचवायचं तरी काय राहिलं होतं? मी म्हणालो,

"मिरी, दाणे म्हातारे झाले नव्हते. माझ्या ढवळणीने दळले. ढवळणी काढायला गेलो तेव्हा मी पाहिलं."

"मला माहीत आहे," ती म्हणाली.

"कधीपासून?"

तिने पर्सचा बंद बोटाला गुंडाळला, सोडला, परत गुंडाळला. मग सांगितलं. बारावी खेप गाळताना, म्हणजे ती नऊ तासांची, सगळे कौतुक करत होते तीच, तिला जाळीवर पीठ दिसलं होतं. तिने सूक्ष्मदर्शकाखाली बघून खात्रीही केली होती. तेव्हा निम्म्याहून जास्त दाणे शाबूत होते. जुना वाकडा गज कोपऱ्यातच पडला होता, तो परत बसवायला दहा मिनिटं लागली असती. ती हे सगळं प्रयोगशाळेतला अहवाल वाचावा तसं सांगत होती, आणि माझ्या डोक्यात एकच गोष्ट फिरत होती की निम्मे दाणे म्हणजे निम्म्या निम्म्या खेपा का होईना, माझ्या एका लेथला कितीतरी वर्षं पुरलं असतं.

"मग बसवला का नाहीस?"

"बसवणार होते. पाना हातात घेतला होता. तेवढ्यात तू दारात येऊन उभा राहिलास." तिने पर्सचा बंद सोडून दिला. "किती वर्षांनी तुझा चेहरा तसा फुललेला पाहत होते, दादा. म्हटलं उद्या काढीन. दुसऱ्या दिवशीही तू आलास. रोजच येत होतास."

दुसरं कुणी असतं तर मी त्याची सालटी काढली असती. मी तोंड उघडलंही. पण तिला बोलणार काय होतो? पुन्हा असं झालं तर भावाचं मन मोडायला कचरू नकोस, एवढंच ना? आणि पुन्हा व्हायला एक दाणा तरी उरायला हवा होता.